पेन ड्राइव्हवर धावणारा पीएस २ आणि आतली मेलेली लेन्स

नाशिकच्या सिडकोतल्या एका कॉलेजच्या मुलाने शहरातल्या एका सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४,५०० रुपयांना प्लेस्टेशन २, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा पीएस २ घेतला. जाड बॉडीचा, एससीपीएच-५०००० मालिकेतला, बाहेरून चकाचक. दुकानदाराने टीव्हीला लावून दाखवला. स्क्रीनवर गेमची यादी आली, तीन-चार गेम लगेच चालू झाले, रिमोटही दोन्ही चालले. ‘डिस्कची कटकटच नको, सगळे गेम भरून दिलेत,’ असं सांगितलं आणि मुलगा खूश होऊन घरी गेला. आठवड्याने त्याने काकांच्या कपाटातल्या जुन्या ओरिजिनल डिस्क लावून पाहिल्या. एकही चालली नाही. दुकानात परत गेल्यावर उत्तर मिळालं, ‘चेकिंग वॉरंटी होती, इथे चालवून दाखवला होता.’

हा प्रकार एकट्या त्याच्याशी झालेला नाही. नाशिकमध्ये जुन्या गेमच्या व्यवहारात सध्या सगळ्यात जास्त चालणारी फसवणूक हीच आहे. ती नीट समजून घ्या, कारण दाखवलेलं सगळं खरं असतं. जे दाखवलेलं नसतं तिथे खोट असते.

पीएस २ च्या मेमरी कार्डमध्ये फ्री मॅकबूट नावाचा प्रोग्रॅम टाकता येतो. मशीन चालू होताना तो कार्डावरून सुरू होतो आणि गेमची यादी दाखवणारा ओपन पीएस २ लोडर उघडतो. गेम पुढच्या यूएसबी पोर्टमधल्या पेन ड्राइव्हवरून चालतात. या सगळ्यात डिस्क वाचणारी लेन्स कुठेच लागत नाही. प्रोग्रॅम चांगला आहे, जगभर लोक आवडीने वापरतात, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते मेलेली लेन्स त्याच्या आड लपवून चालू मशीनचा भाव घेणं.

ओळखायचं कसं? दुकानात मशीन चालू असेल तर ते मागच्या बटणापासून पूर्ण बंद करायला लावा. पेन ड्राइव्ह काढा, मेमरी कार्ड काढा, मग चालू करा. कोऱ्या मशीनवर आधी निळसर-काळा पडदा दिसतो आणि नंतर ‘ब्राउझर’ व ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ अशा दोन ओळी येतात. इथे डिस्क घाला. ओरिजिनल गेम वाचला तर काळ्या पडद्यावर पीएस २ चा लोगो येतो. लेन्स कमजोर असेल तर ‘डिस्क रीड एरर’ येतो किंवा प्लेस्टेशनची डिस्क घाला असं सांगणारा लाल पडदा येतो. आतून डिस्क फिरून थांबण्याचा आणि लेन्स पुढे-मागे सरकण्याचा टक-टक आवाज वारंवार येत राहिला, तर पुढे वेळ घालवू नका.

आणखी एक खूण. पीएस २ चे यूएसबी पोर्ट १.१ चे, म्हणजे फार संथ आहेत. पेन ड्राइव्हवरून गेम चालत असेल तर खेळताना कळत नाही, पण मधले व्हिडिओ अडखळतात, आवाज तुटतो. दुकानदार हे सीन पटापट बटण दाबून पुढे ढकलत असेल तर त्याला थांबवा आणि पूर्ण बघा.

डिस्क मात्र एकच नेऊन भागत नाही. सीडी आणि डीव्हीडी वाचायला वेगवेगळे लेझर लागतात: सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. एक मेला तरी दुसरा चालू राहतो. म्हणून किमान तीन डिस्क बरोबर ठेवा: खालून चंदेरी दिसणारा पीएस २ चा डीव्हीडी गेम, खालून निळा असणारा पीएस २ चा सीडी गेम आणि खालून काळी असणारी पीएस १ ची डिस्क. डीव्हीडी चालतो आणि निळी-काळी डिस्क चालत नाही, हे फार वेळा दिसतं आणि विकणारा नेमका डीव्हीडीच लावून दाखवतो. शक्य असेल तर एखादा दोन थरांचा गेम न्या. ‘गॉड ऑफ वॉर’चे पीएस २ वरचे दोन्ही ओरिजिनल भाग दोन थरांच्या डीव्हीडीवर आहेत. अशी डिस्क लेन्सची खरी परीक्षा घेते. वीस मिनिटं तरी खेळा, कारण काही लेन्स गार असताना वाचतात आणि मशीन तापल्यावर सोडून देतात.

सिडकोतल्या त्या मशीनचं झाकण उघडल्यावर आत काय दिसलं, ते सांगायलाच हवं. लेन्सच्या बाजूला दोन बारीक पॉट, म्हणजे करंट कमी-जास्त करायचे फिरते स्क्रू असतात, एक सीडीसाठी, एक डीव्हीडीसाठी. पॉटच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते. थकलेल्या लेन्सचा करंट वाढवायला हा पॉट फिरवतात. मग ती काही दिवस छान वाचते आणि नंतर लेझर कायमचा जळतो. म्हणजे ही लेन्स आधी पॉट फिरवून कुणाला तरी विकली गेली असणार. तिथून परत आल्यावर तिच्यावर पेन ड्राइव्हचं पांघरूण घातलं. विकत घेण्याआधी दुकानात पॉट तपासता येत नाही, पण मशीनच्या खालचे स्क्रू बघता येतात. डोकी झिजलेली असतील, वॉरंटी स्टिकर गेलेला असेल, तर मशीन उघडलेलं आहे. वीस वर्षांच्या मशीनमध्ये ते वावगं नाही, पण मग कुणी उघडलं आणि काय बदललं, याचं उत्तर मागा. ‘लेन्स नवी टाकली’ म्हणाले तर केएचएस-४००सी सारखा नंबर सांगता येतो का बघा. बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच लेन्स जुन्या काढून पुसलेल्या असतात.

बारीक पीएस २ घेत असाल तर अॅडॉप्टर हातात घेऊन वाचा. ७०००० पासूनच्या बारीक मॉडेलना बाहेरचा अॅडॉप्टर लागतो, ८.५ व्होल्टचा. ९०००० मालिकेत तो आतच असतो. मूळ अॅडॉप्टर हरवला म्हणून १२ व्होल्टचा जोडून दिलेला असेल तर मशीनला हात लावू नका. ९०००० मालिकेतल्या नंतरच्या मशीनवर फ्री मॅकबूटचं कार्डही चालत नाही, त्यामुळे ‘कार्ड घेऊन टाका, सगळं चालेल’ हे आश्वासन तिथे खोटं ठरतं. रिमोटच्या मागे एससीपीएच-१००१० लिहिलेलं असतं, नकलीवरही ते छापतात, म्हणून दोन्ही स्टिक खाली दाबून आणि दोन्ही बाजूंचं व्हायब्रेशन वेगवेगळं जाणवतं का ते बघा. जाड मशीन दर वेळी तारीख विचारत असेल तर घाबरू नका, आत सीआर २०३२ सेल संपलेला आहे. तेवढ्यावरून भाव थोडा पाडून घ्या.

डिस्कमधली फसवणूक दुसऱ्या तऱ्हेची आहे. दुकानातल्या मशीनला चिप मारलेली असते, त्यावर कॉपी डिस्क बिनधास्त चालते. तुमचं मशीन कोरं, घरी लाल पडदा. खालून जांभळट किंवा हिरवट झाक असेल तर ती घरी रायटरवर लिहिलेली डिस्क आहे, वरचं कव्हर कितीही सुंदर छापलेलं असो. ओरिजिनल डिस्कच्या मधल्या पारदर्शक गोलाभोवती बारीक कोरलेले कोड असतात, त्यात आयएफपीआय ही अक्षरं दिसतात. चरे बुजवायला टूथपेस्ट किंवा गाडीचं पॉलिश चोळलेलं असतं, ते उजेडात तिरकं धरलं की गोल-गोल घासल्याच्या खुणा दिसतात. वरच्या, म्हणजे चित्राच्या बाजूचे चरे लोक दुर्लक्षित करतात. निळ्या आणि काळ्या सीडीत माहितीचा थर चित्राच्या लगेच खाली असतो, त्यामुळे तिथला खोल चरा म्हणजे डिस्क संपली. दिव्यासमोर धरून आरपार ठिपके दिसतात का बघा. डीव्हीडीत थर दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये असतो, म्हणून वरचा चरा तिला तितका मारत नाही.

आता कॅसेटकडे. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, भंगारात, कुणाच्या माळ्यावर अजूनही पिवळ्या-लाल कॅसेट सापडतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेले ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ बहुतेक सगळे निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम मशीनची नक्कल होते आणि त्यांच्या कॅसेटला ६० पिना असतात. त्याच मशीनच्या अमेरिकेतल्या आवृत्तीच्या, म्हणजे एनईएसच्या करड्या कॅसेटला ७२ पिना, म्हणजे ती तुमच्या मशीनमध्ये कन्व्हर्टरशिवाय बसणारच नाही. हे माहीत असूनही ती ‘दुर्मीळ’ म्हणून गळ्यात मारतात. ‘९९९९ इन १’ वर विश्वास ठेवू नका, यादीत मोजके गेम नावं आणि लेव्हल बदलून परत परत येतात. आणि पिवळ्या कॅसेटला ‘निन्टेन्डो ओरिजिनल’ म्हणून भाव सांगितला तर उघडून बघायला मागा. आत हिरव्या पट्टीवर काळ्या रंगाचा, डांबराच्या थेंबासारखा गोळा असेल तर ती स्वस्तातली नक्कल आहे. आठवणीसाठी घ्या, पण भाव त्याप्रमाणे द्या.

पिना सोन्यासारख्या लखलखत असतील तर तिथेही थांबा. काळ्या पडलेल्या पिना पॉलिश पेपरने घासल्या की कॅसेट तिथल्या तिथे चालते, पण वरचा पातळ सोन्याचा मुलामा निघून जातो आणि खालचा धातू पावसाळ्यात पुन्हा गंजतो. पिनांवर एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसले तर त्या घासलेल्या आहेत. स्वच्छ करायचं तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काड्या, बाकी काही नको. बंदुकीचा सेट घेत असाल तर घरात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हवा. एलईडी टीव्हीवर ती बंदूक नेम ओळखतच नाही आणि विकणारा ‘टीव्हीत प्रॉब्लेम असेल’ म्हणून मोकळा होतो.

गेमबॉय म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं मशीन; त्याच्या कॅसेटमध्ये सगळ्यात जास्त नकली माल पोकेमॉनचा आहे. गेमबॉय अॅडव्हान्सची कॅसेट तोंडाकडून धरून मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. पिनांच्या वरच्या पट्टीवर निन्टेन्डो हे नाव छापलेलं दिसतं. पुढच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, शाईने नव्हे. तिरका उजेड टाकला की ते कळतात, बोटालाही जाणवतात. पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डच्या ओरिजिनल कॅसेट रंगीत पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. मागे साधा चौफुल्यांचा स्क्रू दिसला तर सावध व्हा, मूळ स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो. जुन्या गेमबॉयच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू लागतो. शेवटची परीक्षा: गेम सेव्ह करा, बंद करा, कॅसेट बाहेर काढा, पाच मिनिटांनी परत लावा. नकली कॅसेट इथेच पडते. जुन्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरच्या ओरिजिनलमध्ये मात्र सेव्ह जाण्याचं कारण आतला सीआर २०२५ सेल संपणं हे असू शकतं, तेवढ्याने ती नकली ठरत नाही. आणि एमजी रोडसारख्या ठिकाणी नवीकोरी ‘४०० इन १’ हातातली मशीन रेट्रो म्हणून मिळते, तिच्यात जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी असते. खेळणं म्हणून ठीक आहे, गेमबॉय म्हणून नाही.

ऑनलाइन व्यवहारात वस्तूच नसते, पैसे मात्र खरे जातात. नाशिककरांना देवळाली कॅम्पची लष्करी छावणी जवळची, त्यामुळे ‘मी लष्करात आहे, बदली झाली, सामान विकतोय’ हे चटकन पटतं. ओळखपत्राचा फोटो येतो, गाडीने माल पाठवतो म्हणतात, गाडीभाडं आधी मागतात. मशीन बघायला भेटत नाहीत, हीच खूण पुरेशी आहे. तुम्ही विकणारे असाल तर उलटा प्रकार होतो: ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. व्हिडिओ कॉलवर मशीनशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा आणि ट्रे उघडून डिस्क घालायला लावा. टाळाटाळ झाली तर बोलणं तिथेच संपवा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर केला की रक्कम पुढच्या खात्यांत पसरते आणि गोठवता येत नाही.

दुकानातून घेताना पावतीवर मॉडेल नंबर, मागचा सिरियल नंबर आणि ‘सीडी व डीव्हीडी दोन्ही वाचतो’ एवढं हाताने लिहून घ्या. ‘चेकिंग वॉरंटी’ तोंडी असते, लिहून दिलेलं वाक्य मात्र नाकारता येत नाही. सिडकोतल्या मुलाकडे पावतीवर फक्त ‘गेम १ नग’ होतं. अशा वेळी ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार नोंदवता येते, पण मशीन चालत नव्हतं हे दाखवायला आधार लागतो.

त्याचं मशीन मात्र वाया गेलेलं नाही. जाड पीएस २ च्या ३०००० आणि ५०००० मालिकेत मागे हार्ड डिस्कची जागा असते. नेटवर्क अॅडॉप्टर आणि जुन्या पद्धतीची आयडीई हार्ड डिस्क लावली की गेम पेन ड्राइव्हपेक्षा कितीतरी वेगाने, न अडखळता चालतात आणि लेन्सची गरज उरत नाही. म्हणून लेन्स गेलेलं जाड मशीनही घेण्यासारखं असतं. भाव मात्र सुट्या भागांचा द्यायचा आणि ‘लेन्स बंद’ हे पावतीवर लिहून घ्यायचं.