चौ-लिन की डेंटन-कोलेट? वार्षिक आकडे तिमाहीत उतरवताना

मार्गदर्शक मॅडमसमोर नागपूर जिल्ह्याच्या उत्पन्नाचा तिमाही आलेख ठेवला, तेव्हा त्यांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी गोल केले. तिन्ही गोल मार्च आणि एप्रिलच्या मधोमध. "इथे काय झालं होतं?" मी सोयाबीन, कापूस, मृग बहाराची संत्री, सगळं आठवून पाहिलं. कशाचाच मेळ बसेना. जिल्ह्यात काहीच झालं नव्हतं. आलेखातल्या त्या पायऱ्या चौ-लिनने, म्हणजे वार्षिक आकडे तिमाहीत वाटण्याच्या माझ्या पद्धतीनेच, पाडल्या होत्या.

आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधलं टेम्पडिसॅग पॅकेज उघडून "आता पद्धत कुठली घेऊ?" इथे जे अडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. चौ-लिन आणि डेंटन-कोलेट या दोन्ही पद्धती निर्देशकाच्या, म्हणजे उत्पन्नासोबत हलणाऱ्या एखाद्या तिमाही मालिकेच्या, आधाराने वार्षिक आकडा तिमाहीत वाटतात. डेंटन-कोलेट प्रतिगमन न करता निर्देशकाची तिमाही चाल शक्य तितकी जपते. दोन्हींचं मूळ 1971 सालचं. दोन्हींत चार तिमाह्यांची बेरीज वार्षिक आकड्याशी तंतोतंत जुळते, त्यामुळे त्या निकषावर निवड होत नाही. डेंटनच्या मूळ सूत्रामुळे मालिकेच्या सुरुवातीला एक खोटा हेलकावा यायचा, तो कोलेटने काढला. म्हणून घ्यायचं तर जोडनावाचं रूपच घ्या.

आता त्या पायरीबद्दल, कारण माझा निर्णय तिच्यापाशीच झाला. चौ-लिन आधी वार्षिक पातळीवर प्रतिगमन (रिग्रेशन) करते, म्हणजे निर्देशकावरून उत्पन्नाचा अंदाज काढते, आणि अंदाज व खरा आकडा यांतला उरलेला फरक तिमाह्यांत वाटते. हे वाटप रो ठरवतो, म्हणजे एका तिमाहीतला फरक पुढच्या तिमाहीत किती टिकतो ते सांगणारा आकडा. रो मोठा असेल तर फरक शेजारच्या वर्षांत हळूहळू मिसळत जातो. रो शून्य आला की सरळ चार सारखे वाटे. समजा एका वर्षी फरक 40 कोटी, पुढच्या वर्षी उणे 40. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक तिमाहीत 10 कोटी वाढतात, दुसऱ्याच्या प्रत्येक तिमाहीतून 10 कोटी जातात. म्हणजे 31 मार्चच्या एका रात्रीत 20 कोटींची घसरण, आणि कारण काय तर आर्थिक वर्ष बदललं.

राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्न वर्षाकाठी देतं. 2011-12 पायाभूत वर्षाच्या मालिकेतले 12 आकडे माझ्या हातात होते. बारा बिंदूंवर रोचा अंदाज कितीसा पक्का येणार? त्यात पॅकेज मूळ सेटिंगमध्ये रोला शून्याखाली उतरू देत नाही. उणे जाऊ पाहणारा रो शून्यावरच अडतो. निकालाच्या सारांशात ते स्वच्छ छापलेलं होतं, शून्य आणि पुढे कंसात "ट्रंकेटेड", म्हणजे छाटलेला. मी ते वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मॅडमच्या पेन्सिलीनंतर कळला.

दुसरा त्रास त्यामानाने लहान. नव्या वर्षाचा आकडा जोडला की गुणांक आणि रो दोन्ही नव्याने काढले जातात, आणि मालिकेच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या तिमाह्या थोड्या थोड्या हलतात. प्रबंधातले तक्ते मी दोनदा नव्याने केले. डेंटन-कोलेटमध्ये हलतात त्या मुख्यतः शेवटच्या एक-दोन वर्षांच्या तिमाह्या.

डेंटन-कोलेटचीही किंमत मोजावी लागते, आणि नागपुरात ती उन्हाळ्यात दिसते. मी निर्देशक म्हणून जिल्ह्याचा वीजवापर घेतला होता. एप्रिल ते जून घरोघरी कूलर चालतात, वीजवापर चढतो, आणि ही पद्धत तो चढ जवळपास त्याच प्रमाणात उत्पन्नावर उतरवते. कूलर लावल्याने कुणाचं उत्पन्न वाढत नाही. त्यामुळे निर्देशकातला हंगामी भाग आधी काढून घ्यावा लागला. शिवाय इथे निर्देशक एकच चालतो, आणि सूत्रात स्थिरांक नको म्हणून "शून्य अधिक" लिहावं लागतं.

तुमच्याकडे तीस-चाळीस वर्षांची वार्षिक मालिका असेल, दोन-तीन चांगले निर्देशक असतील, किंवा परीक्षक प्रमाणित त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो त्याचं माप) मागणार असतील, तर चौ-लिनला नाही म्हणण्याचं कारण मला दिसत नाही. फक्त निर्देशक म्हणून जीएसटी वसुलीवर फार भिस्त ठेवू नका. ती मालिका जुलै 2017 पासूनचीच. प्रतिगमन हवं पण पायरी नको, अशांनी फर्नांडिसची पद्धत जरूर चालवून पाहावी. तिथे रो काढायचाच नसतो. पण दहा-पंधरा वार्षिक आकडे आणि एक बरा निर्देशक एवढीच शिदोरी असेल, तर मी डेंटन-कोलेटच घेईन. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची तिमाही राष्ट्रीय लेख्यांवरची पुस्तिकाही प्रमाणबद्ध डेंटनच्याच बाजूने आहे.

पद्धत कुठलीही घ्या, एप्रिल-जून ही पहिली तिमाही म्हणून नोंदवा, नाहीतर पॅकेज जानेवारीपासून वर्ष धरेल आणि पुढचं सगळं एका तिमाहीने सरकेल. मग दोन्ही आलेख एकावर एक ठेवून आधी मार्च-एप्रिलचे सांधे तपासा. माझ्या दुसऱ्या आलेखावर मॅडमनी पेन्सिल उचलली नाही.