जे बोअर-पिस्टन कधी बसलेच नाही, त्याचे ८,४०० रुपये

माझ्याकडे २००४ सालची, १०० सीसीची, कार्ब्युरेटरवर चालणारी मोटारसायकल आहे. शोरूममधून बाहेर पडली त्या दिवसापासून ती माझ्याच नावावर आहे, पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची रीतसर फेरनोंदणी करून घेतली आहे आणि तिचे इंजिन आजवर एकदाही उघडलेले नाही. तरीही इंजिन उघडून बोअर-पिस्टन (म्हणजे पिस्टन आणि तो ज्या नळकांड्यात वर-खाली होतो ते बोअर) बदलल्याबद्दल मी एका गॅरेजवाल्याला ८,४०० रुपये मोजले आहेत. हे लिहिताना लाज वाटते, पण माझ्यासारखी जुनी गाडी सांभाळणारे पुष्कळ आहेत आणि हा गृहस्थ अजून धंद्यात आहे.

तक्रार साधी होती. थंडीच्या दिवसांत सकाळी चार-पाच किका मारल्याशिवाय गाडी सुरू होत नसे, चोक बंद केला की लगेच बंद पडे, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर मिसिंग करत, झटके मारत जाई. एकदा इंजिन तापले की मात्र काही झालेच नाही अशी चाले. सायलेन्सरमधून निळसर धूर येत नव्हता, ऑइलची पातळीही उतरत नव्हती. बोअर गेलेल्या गाडीची ही दोन ठळक लक्षणे माझ्या गाडीत नव्हती, हे मला त्याच वेळी ठाऊक होते आणि मी ते त्याला बोलूनही दाखवले होते. त्यावर तो हसला आणि बाकावरचा एक काळाकुट्ट, ऑइलने माखलेला प्लग उचलून माझ्यासमोर धरत म्हणाला, “साहेब, हा बघा तुमचा प्लग, रिंगा गेल्यात.” म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजून ऑइल वर येते आहे. तो प्लग त्याने माझ्या डोळ्यांसमोर माझ्या गाडीतून काढला नव्हता. प्लग दाखवायचा असेल तर तो आपल्यासमोर खोलायला लावावा.

त्याने एका कागदाच्या चिटोऱ्यावर हिशेब लिहिला: पिस्टन-रिंग संच २,३५० रुपये, लेथवर बोअरिंग ६००, गॅस्केट संच ४२०, व्हॉल्व्ह घासणे आणि सील ९५०, इग्निशन कॉइल १,१५०, ऑइल ४३० आणि मजुरी २,५००. त्यातले ४,००० रुपये मी मोबाइलवरून आगाऊ पाठवले आणि उरलेले ४,४०० गाडी घेताना, त्याच्या आग्रहावरून, रोख दिले. ‘पक्के बिल कशाला, उगाच टॅक्स पडेल’ हे वाक्य ऐकूनही मी गप्प राहिलो. मी अडाणी नाही, हिशेबाच्या नोकरीत आयुष्य घालवले आहे. पण तीन दिवस गाडीवाचून अडलेला माणूस कामाच्या बोलीवर नाही, गाडी परत मिळण्यावर लक्ष ठेवून असतो, आणि या लोकांना ते नेमके कळते.

आता ज्या क्षणाबद्दल मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, त्याविषयी. संध्याकाळी सहा वाजता मी गाडी घ्यायला गेलो. गाडी स्टँडवर उभी होती, आजूबाजूला कोणी नव्हते, आणि मला पाहताच त्याने पोऱ्याला हाक मारून किक मारायला सांगितले. पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली. मी कौतुकाने वाकून इंजिनच्या पाकळ्यांवर हात ठेवला आणि चटका बसून तो झटकन मागे घेतला. म्हणजे मी येण्यापूर्वी कोणीतरी गाडी चांगली तापवून ठेवली होती. माझी तक्रार फक्त थंड इंजिनाची होती, आणि दुरुस्ती झाल्याचा पुरावा म्हणून मला गरम इंजिन दाखवले जात होते! बोटे पोळलेली असताना मी काय म्हणालो? “वा, आवाज सुधारला.” तेवढे बोलून मी खिशातून ४,४०० रुपये काढले.

निघताना त्याने सांगितले, “आता बिनधास्त पळवा.” दुसऱ्या दिवशी सकाळी तेच झटके, तीच मिसिंग. फोन केल्यावर उत्तर आले की नवा बोअर घट्ट असतो, ५०० किलोमीटर हळू चालवा, मोकळा होईल. नवा बोअर बसवल्यावर गाडी सुरुवातीला जपून चालवावी लागते, हे खरेच आहे. मग आदल्या संध्याकाळी ‘बिनधास्त पळवा’ कसे? ही विसंगती मला तीन आठवड्यांनी सुचली, आणि तोपर्यंत त्याने फोन उचलणे बंद केले होते.

दुसऱ्या एका वयस्क मेकॅनिकने पहिली अट घातली, की गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवा, सकाळी मी स्वतः थंड इंजिनाला किक मारीन. जो कारागीर थंडपणाची तक्रार गाडी थंड होऊ न देता ऐकतो, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणावी. सकाळी त्याने आधी टॅपेट तपासले, कारण व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावरच मोजायची असते. ती ठीक होती. मग प्लग काढला, तो पांढुरका निघाला. याचा अर्थ पेट्रोल कमी आणि हवा जास्त. गाडी सुरू करून त्याने कार्ब्युरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांना जोडणाऱ्या रबरावर खालच्या बाजूने स्प्रेचा एक फवारा मारला, तशी इंजिनाची गती बदलली. रबर काढल्यावर तळाशी नखाएवढी लांब चीर होती, वरून पाहून कधीच न दिसणारी. स्लो जेट, म्हणजे कमी गतीत पेट्रोल सोडणारी कार्ब्युरेटरमधली बारीक छिद्राची नळी, हीसुद्धा अर्धवट बुजलेली होती. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त लागते आणि त्यासाठीच चोक असतो. इथे चिरेतून जादा हवा शिरत होती आणि जेटमधून पेट्रोल पुरेसे येत नव्हते. इंजिन तापले की हाच दोष झाकला जाई. रबर १८०, जेट ९०, सफाई २५०. एकूण ५२० रुपये.

नंतर त्याने ब्लॉक (बोअर असलेला भाग) आणि हेड यांच्या सांध्याकडे बोट दाखवले. पिस्टन काढायचा तर हा सांधा सोडवावाच लागतो. तिथे वर्षानुवर्षांची ऑइल-मातीची पापडी जशीच्या तशी भाजून बसलेली होती आणि नटांवरचा रंगही कुठे खरवडला नव्हता. ‘जुना पिस्टन’ म्हणून मला दिलेल्या पिस्टनच्या डोक्यावर ५० हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे तो ओव्हरसाइज, मूळ मापापेक्षा मोठा आहे, पूर्वी बोअर झालेल्या कोणा दुसऱ्याच्या गाडीतला. (सुदैवाने मी गाडी धुण्यापूर्वीच सांध्याचे फोटो काढले. अशा प्रसंगी आधी फोटो, मग पाणी.)

यापुढचा अनुभव फसवणुकीपेक्षा अधिक मनस्ताप देणारा आहे. पोलीस चौकीत हवालदारांनी चिटोरा उलटसुलट पाहिला, यावर ना नाव ना सही असे म्हणून तो परत दिला आणि हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, असे मी म्हणताच ‘मग तुम्हीच चालवा ना केस’ हे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला संबंधित साहेब बंदोबस्तावर होते, तिसऱ्या खेपेला माझा आधीचा अर्जच सापडेना, आणि पोच मागितली तेव्हा शिक्का असलेला माणूस जेवायला गेला होता. ग्राहकांसाठीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अठ्ठावीस दिवसांनी ‘समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही’ या कारणाने ती बंद झाल्याचा संदेश आला. प्रतिसाद दिला नाही म्हणून तक्रार केली, आणि प्रतिसाद दिला नाही म्हणूनच ती मिटली! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. परंतु मी भेटलो त्या प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न ‘पावती कुठे आहे’ हाच होता. दुसऱ्या मेकॅनिकने सांध्याबद्दल लेखी देण्यास नकार दिला. एकाच धंद्यातली माणसे, त्याला मी दोष देत नाही.

माझ्या हाती आता ४,००० रुपये पाठवल्याची मोबाइलवरील नोंद तेवढी आहे. रोखीच्या ४,४०० ला काहीही आधार नाही. आगाऊ असो वा उरलेले, पैसे नोंद राहील अशाच मार्गाने द्यावेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तिथे जायचे ठरवले आणि आधी नोंदणीकृत टपालाने गॅरेजच्या पत्त्यावर नोटीस पाठवली. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा लागून परत आली. तो लिफाफा न फोडता, कोणाचा कोण जाणे त्या पिस्टनसोबत, एका पिशवीत ठेवून दिला आहे.