बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) सोडू का मरळ मासा राखू?

भाऊ, तू इचारलं म्हणून सांगतो. सायप्रिनसचं बीज (सोडायची लहान पिल्लं) सहज भेटते, वाढतेही लवकर, पण तो गाळ उकरून खाते, पाणी गढूळ होते, तळाशी उजेड पोचत नाही मंग पाणवनस्पती मरतात अन् त्यातल्या गोगलगायी, किडे, लहान मासे अन् त्यायच्यावर जगणारे बगळेही जातात. ग्रास कार्प हा दुसरा मासा तर वनस्पतीच खाऊन टाकते.

मरळीचं बीज भेटणं कठीण, पण भाव चांगला, अन् वरची हवा घेते म्हणून उन्हाळ्यात तगते. पावसाळ्यात तिच्या लालसर पिल्लायचा घोळका पाह्य, खाली मायबाप राखण करत असतात!

नाल्याला न जोडलेलं, प्लास्टिकचं शेततळं असल तर सायप्रिनस चालते. मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोडीत मरळच ठेव.