गालावरचा व्रण आणि ८५ हजारांचं पॅकेज

टाके निघाल्या दिवशी व्रण छान दिसतो. बारीक, फिकट रेघ. घरचे म्हणतात, डॉक्टरचा हात सफाईदार आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून तीच रेघ लाल पडायला लागते, टणक होते, बोटाला उंच लागते, खाजते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यात वाईट दिसते. चेहऱ्याच्या व्रणाची महागडी पॅकेजं नेमकी याच दिवसांत गळ्यात पडतात.

शरीर जखम बुजवताना घाईघाईत कोलॅजन (त्वचा धरून ठेवणारं प्रथिन) ओततं, जसं पडेल तसं. नंतर वर्ष-दीड वर्ष ते मोडत-जुळवत बसतं, वाढलेल्या रक्तवाहिन्या मागे घेतं, लाली उतरते, उंचवटा बसतो. चेहऱ्यावरचे बहुतेक व्रण १२ ते १८ महिन्यांत आपोआप बरेच निवळतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात तुम्हाला ‘आठ महिन्यांत आठ सिटिंग’ विकली, तर त्या सिटिंगमध्ये नुसतं थंड पाणी लावलं तरी शेवटचा फोटो पहिल्यापेक्षा चांगलाच येणार. धंदा या काळावर चालतो, मशीनवर नाही.

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका २६ वर्षांच्या मुलीचं उदाहरण घेऊ. जबड्याजवळची गाठ काढली, ४ सेंटिमीटरचा छेद, सहाव्या दिवशी टाके निघाले. सगळं नियमाप्रमाणे. सातव्या आठवड्यात व्रण लाल झाला, त्यात घरात लग्नाची बोलणी सुरू. मोबाइलवरची जाहिरात पाहून आई-मुलगी एका ‘स्किन अँड लेसर’ क्लिनिकमध्ये गेल्या. समोर बसली ती डॉक्टर नव्हती, ‘काउन्सेलर’ होती. तिने टॅबवर आधी-नंतरचे फोटो दाखवले आणि सांगितलं, आज बुक केलं तर ८५ हजार, उद्या सव्वा लाख. सहा लेसर, चार पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा थर टोचणं), ‘लागतील तेवढी’ इंजेक्शनं आणि घरी लावायचं क्रीम. पैसे नाहीत? हरकत नाही. मुलीच्याच फोनवर अ‍ॅप उतरवलं, ओटीपी मागितला आणि दहा मिनिटांत कर्ज मंजूर: महिना ७,०८३ रुपये, १२ हप्ते.

आधी त्या फोटोंचं. उंच व्रण दिसतो तो रंगापेक्षा सावलीमुळे जास्त. बाजूने उजेड पाडला की रेघ उठून दिसते. समोरून गोल दिवा लावला की तीच रेघ गायब. फोटो पाहताना व्रणाकडे नंतर बघा, आधी नाकाची सावली बघा. पहिल्या फोटोत ती गालावर पडलेली आणि दुसऱ्यात नसेल, तर फरक दिव्याचा आहे. आणि दोन फोटोंमध्ये किती महिने गेले ते विचारा. उत्तर सहसा मिळत नाही.

आता लेसर. व्रणासाठी मुख्यतः दोन प्रकार कामाचे. लालीसाठी पल्स्ड डाय लेसर, ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचं. खडबडीतपणा आणि उंच-सखलपणासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर, १०,६०० नॅनोमीटरचं. काही ठिकाणी त्याऐवजी २,९४० नॅनोमीटरचं अर्बियम. कार्बन डायऑक्साइड लेसर खरोखर झालं की ते लपत नाही: आधी पाऊण-एक तास सुन्न करणारं क्रीम, खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांना संरक्षण, चरचर, जळका वास, धूर ओढणारी नळी, आणि नंतर पाच-सात दिवस बारीक ठिपक्यांच्या खपल्या. या मुलीला काय केलं? गालावर थंड जेल फासलं, चौकोनी तोंडाचा हँडपीस टेकवला, पांढरा उजेड चमकला, ‘झालं, ऑफिसला जाऊ शकता.’ ही आयपीएलची (इन्टेन्स पल्स्ड लाइटची) खूण. आयपीएल म्हणजे लेसरच नव्हे. ते केस काढायला आणि काही डागांना वापरतात. लालीवर त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ऊर्जा जरा जास्त झाली तर भाजून काळा डाग पडतो. तोच पडला. बिलावर मात्र ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्कार लेसर’ एवढंच. मशीनचं नाव नाही, नॅनोमीटर नाही, किती ऊर्जा दिली ते नाही. या तीन गोष्टी लिहून मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे सांगण्यासारखं मशीन नसतं.

पीआरपीत तुमचंच रक्त काढून, रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचा पिवळसर थर टोचतात. खड्ड्यासारख्या व्रणांना डर्मारोलरसोबत (बारीक सुयांच्या रोलरसोबत) काही फायदा होतो. लाल, उंच व्रणाला त्याची गरजच नव्हती. नळीवर तुमच्यासमोर नाव लिहिलं जातं का, सुई आणि रोलर तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघतात का, हे डोळ्यांनी बघा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये अशाच उपचारातून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने नोंदवलेलं आहे.

सगळ्यात मोठं नुकसान इंजेक्शनने केलं. उंच, टणक व्रणाला ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टिरॉइड खरं औषध आहे, यात वाद नाही. पण ते १० आणि ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा दोन ताकदीत येतं. चेहऱ्यावर सुरुवात कमी ताकदीने करतात, ४० ची बाटली असेल तर सलाइनने पातळ करून. आणि दोन वेळांत चार ते सहा आठवडे जाऊ देतात. औषध व्रणाच्या गाभ्यातच जायला हवं. तिथे ते सहजासहजी शिरत नाही, पिचकारीला जोर लागतो. सुई लोण्यात गेल्यासारखी गेली आणि औषध पटकन उतरलं, तर ते खालच्या चरबीत गेलं आणि चरबी विरघळणार. इथे ४० ताकदीचं, न पातळ करता, दर पंधरा दिवसांनी, तीनदा. टोचणाऱ्या ‘थेरपिस्ट’ला व्रणाचा गाभा कुठे हे कळत असण्याचं कारणच नाही. तिसऱ्यानंतर रेघेच्या जागी खळगा पडला, भोवती पांढरा चट्टा, त्यात लाल जाळी. असा खळगा पुष्कळदा महिन्यांनी, कधी वर्षाने भरत येतो. तो भरायला फिलर (खळगा भरून काढणारं इंजेक्शन) घ्यायची घाई करू नये. त्याच क्लिनिकने पुढचं पॅकेज फिलरचंच सुचवलं होतं, हे सांगायला नको.

क्रीमच्या डबीवर लेबल नव्हतं, नुसतं ‘नाइट’. लावलं की आठवड्यात तुकतुकी, बंद केलं की आग, लाली, पुरळ: हे चित्र स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमचं. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती उगाच नव्हे. ज्या डबीवर घटक, बॅच नंबर आणि निर्माता छापलेला नाही ती चेहऱ्याला लावायची नाही. कितीही गुण येत असला तरी.

तिला सातव्या आठवड्यात खरं म्हणजे लागत काय होतं? सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. जखम पूर्ण भरली, खपली गेली की सुरू करायचं. पट्टी असेल तर व्रणापेक्षा चहूबाजूंनी अर्धा-एक सेंटिमीटर मोठी कापायची, चार तासांपासून वाढवत दिवसाला १२ तासांच्या वर न्यायची, रोज सौम्य साबणाने धुवायची, किमान दोन-तीन महिने. नागपूरच्या मे महिन्यात पट्टीखाली घामोळं येतं आणि लोक सगळंच सोडून देतात. तेव्हा दिवसा जेल आणि रात्री कूलरखाली पट्टी असं विभागावं. जेलचा थर पातळच हवा. जाड लावला तर तो वाळत नाही आणि दुपट्ट्याला पुसला जातो. तो वाळला की वरून एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, उन्हात असाल तर दर दोन तासांनी. आपल्याकडच्या मुली स्कूटीवर चेहरा गुंडाळतात ते इथे फार कामाचं, फक्त गाठ व्रणावर घासणार नाही अशी बांधावी. सर्जनने हो म्हटल्यावर बोटाने मालिश: दिवसातून दोन-तीनदा, पाच मिनिटं, व्रण पांढुरका पडेल इतक्या दाबाने. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून चोळू नयेत. फायदा सिद्ध नाही आणि बऱ्याच जणांना अ‍ॅलर्जी येते.

एवढं करून उंचवटा वाढतच राहिला तर इंजेक्शन. व्रण मूळ छेदाच्या बाहेर पसरायला लागला तर तो केलॉइड असू शकतो, आणि तो ‘कापून टाकू’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा; नुसता कापलेला केलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. वर्षभरानंतरही रेघ रुंद राहिली किंवा ओठ-पापणी ओढत असेल तर प्लास्टिक सर्जन ती नव्याने शिवतो किंवा झेड-प्लास्टीने तिची दिशा वळवतो. पापणी मिटत नसेल तर वर्ष थांबत नाहीत. व्रण पुसला मात्र कशानेच जात नाही. ‘शंभर टक्के’ हा शब्द कानावर पडला की उठायला हरकत नाही. खर्र्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन किरणांचा शेक (रेडिएशन) घेतलेल्यांनी तर गालावर काहीही करण्याआधी आपल्या कॅन्सर सर्जनला विचारावं. शेकलेली त्वचा भाजली की लवकर भरत नाही.

जाण्याआधी दोन गोष्टी तपासता येतात. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असणं २००२ च्या नियमावलीनुसार बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघा. पदवी त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल, किंवा प्लास्टिक सर्जरीची एमसीएच, डीएनबी अशी हवी; ‘कॉस्मेटॉलॉजी’चं प्रमाणपत्र म्हणजे ती नव्हे. दुसरं मत हवं असेल तर नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या त्वचारोग ओपीडीत सकाळी लवकर जा. रांग मोठी असते, पण तिथे कोणी पॅकेज विकत नाही.

पैसे अडकलेच असतील तर पहिलं काम कर्जाचं. डिजिटल कर्जाला दंडाशिवाय माघार घेण्याची थोडी मुदत द्यावी लागते आणि ती ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या अटींच्या कागदात, लिहिलेली असते; काउन्सेलरला नव्हे, कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. मुदत टळली असली तरी हप्ते रागाने थांबवू नका, क्रेडिट स्कोअर तुमचा जातो. मग क्लिनिककडे आपल्या उपचारांच्या नोंदी लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. रोज एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही; आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावून बघा. सुई टोचणारा डॉक्टरच नव्हता असं निघालं तर मामला पोलीस आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाचा. या मुलीकडे नोंदी नव्हत्या, पण काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश होते, तारखेसकट. ‘उद्या ४० वालं इंजेक्शन घेऊ’ हे त्यातच लिहिलेलं सापडलं.