झेन ब्लॉकलिस्ट काही महिने वापरून: स्पॅम अडतो, डोकं मात्र एका एरर कोडनं खाल्लं

स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची झेन यादी (स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची) माझ्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला जोडून आता बरेच महिने झाले. एसबीएल (स्पॅमरचे पत्ते), सीएसएस (कमी दर्जाची मेल पाठवणारे), एक्सबीएल (बॉट शिरलेली यंत्रं) आणि पीबीएल (थेट मेल पाठवू नये असे घरगुती, मोबाइल जोडण्यांचे पत्ते) या चारही याद्या एकाच झोनमध्ये, म्हणजे डीएनएसच्या एकाच नावाखाली मिळतात, हे वेगळं सांगायला नको. बॉटनेटचा कचरा दारातूनच परत जातो. मजकूर उतरवून घ्यावाच लागत नाही, त्यामुळे आरस्पॅमडीचा (मजकूर तपासणाऱ्या स्पॅम-गाळणीचा) भार हलका होतो आणि छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) भागतं. बिगर-व्यावसायिक, थोड्या मेलसाठी पैसे लागत नाहीत. फुकट ते पौष्टिक!

तक्रार एकच आहे, पण ती सविस्तर करणार.

पाठवणाऱ्याचा आयपी यादीत आहे का, हे पोस्टफिक्स डीएनएसमधून विचारतं. आयपी यादीत असेल तर उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ या पट्ट्यात येतं. पण चौकशी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमधून) गेली, तर १२७.२५५.२५५.२५४ मिळतं. त्याचा स्पॅमशी काहीही संबंध नाही, 'या वाटेनं विचारू नका' एवढाच अर्थ. पोस्टफिक्समध्ये रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट या यादी तपासणाऱ्या सेटिंगपुढे नुसतं झोनचं नाव असेल, तर ते कुठल्याही उत्तराला 'सापडला' समजतं. मग ओटीपी, बिलं, ग्राहकांची पत्रं, सरसकट सगळ्यांना ५५४. हा कायमचा नकार, त्यामुळे पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्नही करत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. झोनच्या नावाला =१२७.०.०.[२..११] जोडा. तेवढ्यावर थांबलात तर चांगली मेल अडत नाही, पण स्पॅमही बिनबोभाट आत येतो. म्हणून त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, त्यात कुठलाही फॉरवर्डर (चौकशी दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणारा) ठेवू नका आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ या रिझॉल्व्हर ठरवणाऱ्या फाइलमध्ये १२७.०.०.१ लिहा. डेबियनवर आणखी एक गोम आहे. पोस्टफिक्स क्रूटमध्ये (बाकी सिस्टीमपासून तोडलेल्या फोल्डरमध्ये) चालत असेल तर ते त्या फाइलची स्वतःची प्रत वापरतं. शेलमध्ये डिग ही डीएनएस विचारायची कमांड बरोबर उत्तर देते, पोस्टफिक्स मात्र जुन्याच रिझॉल्व्हरला विचारत बसतं. रीस्टार्ट केल्यावर प्रत बदलते.

एवढं करूनही तेच १२७.२५५.२५५.२५४ येत असेल तर व्हीपीएसचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून मिळणारं नाव) बघा. होस्टिंगवाल्यानं दिलेलं सरधोपट नाव असेल तरी हाच कोड येतो. स्वतःच्या डोमेनचं पीटीआर (त्या नावाची नोंद) लावा, नाहीतर स्पॅमहाउसच्या डीक्यूएस या नोंदणीच्या सेवेची चावी घ्या.

तपासायला २.०.०.१२७ हा उलटा पत्ता झेनमध्ये डिग करा. उत्तर यायलाच हवं. १.०.०.१२७ ला मात्र काहीही येता कामा नये. ही जोडी क्रॉनमध्ये टाकावी, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप तपासली जाते.

सुरुवातीला मत होतं, जितक्या याद्या तितकं बरं. आता नाही. सॉर्ब्ज ही अशीच एक यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. ओआरडीबी ही दुसरी यादी २००६ मध्ये बंद पडली आणि २००८ मध्ये तिनं प्रत्येक आयपीला 'होय' म्हणायला सुरुवात केली, कारण लोकांनी कॉन्फिगमधून तिचं नाव काढलंच नव्हतं. यूसीईप्रोटेक्ट या यादीची तिसरी पातळी तर अख्खं नेटवर्क काळ्या यादीत टाकते. तिच्यावर थेट नकार देणं म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळणं.

म्हणून आता पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी) आणि गुण. बेरीज ३ झाली की नकार; झेनला ३, स्पॅमकॉप या दुसऱ्या काळ्या यादीला २ आणि डीएनएसडब्ल्यूएल या चांगल्या सर्व्हरांच्या यादीतल्या विश्वासू नोंदींना उणे २. पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_ॲक्शन हे सेटिंग मुळात 'इग्नोर' असतं, ते 'एन्फोर्स' केल्याशिवाय ही सगळी मांडणी शोभेची. हे फक्त पोर्ट २५ वर (इतर सर्व्हरकडून मेल येते तिथे) लावा. पोर्ट ५८७ वर (आपले वापरकर्ते मेल पाठवतात तिथे) पीबीएल लावली तर मोबाइल डेटावरून मेल पाठवणारे आपलेच वापरकर्ते अडकतात.

जीमेल किंवा आउटलुकच्या सर्व्हरवरून येणारा स्पॅम यातून सुटतो. तो आरस्पॅमडीच्या वाट्याला.