स्पिरिट, सोडा की पॉलिशपेपर? जुन्या लाकडावरचं पॉलिश काढण्याआधी

बेळगावच्या शहापुरातलं एक जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा तिथून एक सागवानी खुर्ची आणि एक स्टूल मी स्वस्तात उचलून आणलं. खुर्ची काळपट, हाताला चिकट लागणारी. स्टुलावर हिरवा ऑइलपेंट, थरावर थर. दोन्हींवर घरातलं आणि हार्डवेअरच्या दुकानातलं बरंच काही ओतून झालंय. तुमच्याही पडवीत असं काही येऊन पडलं असेल, तर कशाला हात घालायचा ते सांगतो.

आधी चाचणी करा. बैठकीखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. बोळा तपकिरी झाला आणि बोट चिकटायला लागलं, तर ते लाखेचं पॉलिश. जुन्या सागवानावर बहुधा हेच सापडतं. स्पिरिटला हलत नाही पण थिनरला सुटतं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नाही, तर व्हार्निश, ऑइलपेंट नाहीतर अलीकडचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

लाख असेल तर स्पिरिटच घ्या, दुसरा विचार करू नका. जुनी बनियन स्पिरिटात भिजवून फूटभर जागेवर पसरायची, वर प्लॅस्टिकची पिशवी, दहा मिनिटं थांबायचं. मग भांड्यांच्या हिरव्या घासणीनं रेषांच्या दिशेनं घासलं की काकवीसारखा राप निघतो. तो लगेच पुसून घ्या, नाहीतर पुन्हा तिथंच बसतो. पायांवरून स्पिरिट ओघळतं, तिथं कोरोनाच्या काळात घेतलेल्या सॅनिटायझरची जेल कामाला आली. त्यात पाणी असतं, म्हणून मागाहून कोरड्या फडक्यानं पुसायचं. स्पिरिट पटकन पेटतं आणि दुकानातल्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. काम उघड्यावर करा, हातमोजे घाला, गॅस आणि देवघरातली समई दोन्ही लांब ठेवा.

सोडा स्वस्त, पण त्याचे नखरे फार. दुकानदारानं कानडीत विचारलं, “याव सोडा री?” म्हणजे कुठला सोडा? प्रश्न बरोबर होता. खायचा सोडा फार सौम्य, रंगाला काही होत नाही. कॉस्टिक झपाट्यानं काम करतो, पण डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. घरात आणूच नका. घ्यायचा तो धुण्याचा सोडा. लिटरभर कढत पाण्यात साधारण १०० ग्रॅम, उभ्या बाजूवर टिकावा म्हणून त्यात थोडा मैदा. ऑइलपेंटमधल्या तेलाचा साबण होतो आणि रंग सुरकुततो. एका वेळी एखादाच थर निघतो, त्यामुळं धीर हवा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, ते खराब होतं. वरून पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेला असेल तर सोड्याच्या वाटेला जाऊच नका, पापुद्रा उचकटतो. जुने सांधे सरसानं जोडलेले असतात आणि गरम पाण्यानं सरस सुटतो. माझ्या स्टुलाचा एक पाय असाच डुगडुगायला लागला. शिवाय सागवान काळवंडतं. व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसलं की सोड्याचा अंश मरतो, काळेपणा थोडाफार राहतोच.

यात तारेची घासणी मात्र चुकूनही नको. मी वापरली आणि दुसऱ्या दिवशी बैठकीवर शाईसारखे ठिपके उठले. लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड यांची ती करामत. लिंबानं फिकट झाले, गेले नाहीत.

पॉलिशपेपर सगळ्यांना सोपा वाटतो, म्हणून नासधूसही त्यानंच जास्त होते. कोरीव काम बोथट होतं, आणि लाखेवर तर पेपर मिनिटात गुळगुळीत होऊन बसतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका, घरात पोरंबाळं असतील तर अजिबात नाही. रंग निघाल्यावर शेवटचा हात म्हणून १२० आणि मग १८० नंबर, एवढंच त्याचं काम.

नुसतं व्हिनेगर, लिंबू-मीठ, रॉकेल यांचं पॉलिशपुढं काही चालत नाही. रॉकेल किंवा टर्पेंटाइन मळ आणि मेण तेवढं काढतं. पण कधीकधी तेवढंच पुरतं, म्हणून आधी एक कोपरा पुसून बघा; खाली पॉलिश धड असेल तर खरवडताय कशाला?

आणि पावसाळ्यात हात घालू नका. खानापूरकडं तर चार महिने लाकूड वाळतच नाही, दमट हवेत नवं लाखेचं पॉलिशही पांढुरकं पडतं. दसरा होऊ द्या.

खुर्ची एका रविवारात झाली. स्टुलानं चार रविवार खाल्ले, आणि बुडाशी अजून हिरवं आहे. तिथं कोण बघतंय!