पाच टर्मिनेटर, वीस टर्मागंट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वॉरहॅमर ४०,००० या छोट्या पुतळ्यांनी आणि फाशांनी पटावर खेळायच्या युद्धखेळाची दहावी आवृत्ती जून २०२३मध्ये आली, तेव्हा तिच्यासोबत लेव्हायथन ही मोठी पेटी होती. ७२ मिनी, म्हणजे ते पुतळे : २५ स्पेस मरीन हे कवचधारी योद्धे, ४७ टायरॅनिड हे परके जीव. त्याच मिनींमधून दोन तयार छोट्या फौजा बनतात. मरीनांची स्ट्राइक फोर्स ऑक्टेवियस आणि टायरॅनिडांचा व्हार्डनगास्ट स्वॉर्म. हा अनुभव त्या दोन फौजांचा आहे. आषाढापासून शिमग्यापर्यंत, रत्नागिरीच्या हवेत, आधी कॉम्बॅट पेट्रोल या तयार फौजांच्या प्रकाराचे छोटे डाव आणि मग भर घालून पूर्ण नियमांचे.

मिनी दिसायला कशा आहेत ते फोटोत कळतं, त्यावर इथे शब्द घालवत नाही. तपासलंय ते एवढंच : पुस्तकात एखाद्या फौजेची जी कथा सांगितली आहे, ती पटावर खेळताना हाताला लागते का? आठ महिन्यांनी मत असं झालंय की ती लागते, पण जिथे नियम खेळणाऱ्याकडून काहीतरी काढून घेतो तिथेच. नुसतं बळ देणारे नियम सगळ्या फौजांत थोड्याफार फरकाने सारखेच वाटायला लागतात.

आधी मरीन. कथेत एका चॅप्टरमध्ये, म्हणजे त्यांच्या एका स्वतंत्र दलात, साधारण हजार योद्धे आणि त्यांनी राखायची अख्खी आकाशगंगा. ऑक्टेवियसमध्ये १७ मिनी आहेत : टर्मिनेटर या जड कवचातला कॅप्टन, तसाच लायब्रेरियन, ५ टर्मिनेटर आणि ज्वाला फेकणारे १० इन्फर्नस. टर्मिनेटरचा टफनेस (जखम करणं किती अवघड) ५, सेव्ह (फाशावर जखम चुकवणं) २+, म्हणजे २ किंवा जास्त, वूंड (किती जखमांनी मरतो) ३ आणि कवच भेदणारं शस्त्र आलं तरी ४+चा वेगळा सेव्ह उरतोच. पण चाल ५ इंच आणि ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे ओसी, फक्त १. ऑब्जेक्टिव्ह ही पटावरची गुण देणारी जागा, आणि तिथे ज्याच्या ओसीची बेरीज जास्त त्याची ती. सतरा मिनींची ओसीची बेरीज १७. समोरचे २० टर्मागंट टफनेस ३, सेव्ह ५+, वूंड १, फुंकरीनं पडतील असे. पण प्रत्येकाचा ओसी २, म्हणजे ४०.

‘थोडे पण भारी’ ही कथा या दोन आकड्यांतच बसली आहे. नवीन खेळाडू हमखास पाचही टर्मिनेटर मधल्या ऑब्जेक्टिव्हवर उभे करतो, समोरचे सात-आठ मारतो आणि तरी गुण समोरच्याला जातात. उरलेले १२ टर्मागंट म्हणजे ओसी २४, आपले पाच. मरीन घेऊन जागा धरून बसायचं नसतं. समोरच्याच्या कमांड फेजमध्ये, म्हणजे त्याच्या पाळीच्या सुरुवातीच्या टप्प्यात, गुण मोजले जाण्याआधी ती जागा रिकामी करायची. त्यासाठी इन्फर्नस आहेत. त्यांच्या पायरब्लास्टरचा पल्ला १२ इंच, शॉट एक फासा टाकून ठरतात आणि ते आपोआप लागतात. पाच जणांचे सरासरी १७-१८ शॉट, टफनेस ३वर ३+ने जखम, म्हणजे सेव्हच्या आधी ११-१२ जखमा. गर्दीवर याच्याइतकं काही चालत नाही. त्यांना १२ इंचांत जिवंत पोचवणं हीच काय ती अडचण.

टर्मिनेटरांच्या डीप स्ट्राइकबद्दल, म्हणजे डावाच्या मध्येच पटावर उतरण्याबद्दलही एक सांगायला हवं. कथेत ते थेट शत्रूच्या मध्यात प्रकट होतात. नियमात शत्रूपासून ९ इंचांहून लांब उतरायचं आणि चार्जला, म्हणजे धावून हातघाईला भिडायला, दोन फाशांवर ९ आणायचे. ३६मधल्या १० शक्यता, म्हणजे २८ टक्के. एक कमांड पॉइंट मोडून फासे पुन्हा टाकले तर ४८च्या आसपास. म्हणून उतरल्या फेरीत चार्ज लागलाच पाहिजे असा बेत आखू नये. गोळीबार करता येईल अशा जागी उतरायचं, आणि चार्ज लागला तर देव पावला.

आता टायरॅनिड, या जोडीतली जास्त विचार करायला लावणारी बाजू. असंख्य जीव आणि सगळ्यांचं मन एक. हे मन काही मोठ्या जीवांमार्फत बाकीच्यांपर्यंत पोचतं, त्याचं नाव सिनॅप्स. किनाऱ्यावर रापण ओढताना दोराला तीस-चाळीस माणसं असतात, पण हाक एकाचीच चालते; ती बंद झाली की दोर सैल पडतो. जुन्या आवृत्त्यांत असंच व्हायचं. सिनॅप्सच्या बाहेर गेलेले जीव आपल्या जातीप्रमाणे वागायचे, कोणी दडी मारायचा, कोणी सर्वांत जवळच्या शत्रूवर धावत सुटायचा. खेळणाऱ्याला ते छळायचं, पण फौज परकी वाटायची.

दहाव्या आवृत्तीत हा छळ काढून टाकलाय. सिनॅप्स जीवापासून ६ इंचांत असलेली पलटण बॅटल-शॉकची, म्हणजे धीर टिकतो का याची, चाचणी दोनऐवजी तीन फाशांवर देते, गाभा एवढाच. वाचताना पचपचीत वाटतं. हिशोब केला की धार कळते. पलटण अर्ध्याखाली आली की तिच्या मालकाच्या कमांड फेजमध्ये चाचणी द्यावी लागते. टर्मागंटची लीडरशिप, म्हणजे या चाचणीत आणायचा आकडा, ८+. दोन फाशांवर ८ किंवा जास्त येण्याची शक्यता ३६त १५, म्हणजे ४२ टक्के; तीन फाशांवर २१६त १८१, म्हणजे ८४. वीसातले नऊ उरले असतील तर चाचणी जमल्यावर त्यांचा ओसी १८, चुकल्यावर शून्य. धावत सुटणारे जीव गेले, पण हाक तुटल्यावर दोर सैल पडणं उरलंय, फक्त ते आता गुणफलकावर दिसतं. आमच्या मते हा सौदा निम्मा फायद्याचा आहे. डाव नेटका झाला, टायरॅनिडांचं जनावरपण मात्र पातळ झालं.

या छोट्या स्वॉर्ममध्ये २० टर्मागंट, ५ बार्बगॉंट, ३ लीपर, एक सायकोफेज आणि विंग्ड प्राइम आहे. सिनॅप्स एकट्या प्राइमकडे. तो उडतो, १२ इंच चालतो, आणि इथेच चूक होते : पहिल्याच फेरीत त्याला पुढे काढला जातो. तो मेला की वीसच्या वीस टर्मागंट उघडे. त्याला भिंतीआड ठेवा आणि टर्मागंटांची शेपूट त्याच्याकडे वळवा. पलटणीतला एक मिनी जरी ६ इंचांत असला तरी अख्खी पलटण आत धरली जाते. शेपूट लांबवताना एक पथ्य मात्र आहे. सात किंवा जास्त मिनींच्या पलटणीत प्रत्येकाच्या २ इंचांत स्वतःच्या पलटणीतले दोन हवेत, म्हणजे सुटी एकेरी रांग टोकांना तुटते, दोन्ही टोकांना तिघं जवळजवळ लावावे लागतात. हे विसरलात तर पाळीअखेरीस आपलेच मिनी उचलावे लागतात.

शॅडो इन द वॉर्प हा नियम डावात एकदाच वापरता येतो : कोणाच्याही कमांड फेजमध्ये, आणि शत्रूच्या पटावरच्या प्रत्येक पलटणीला बॅटल-शॉकची चाचणी. झुंड पोचण्याआधीच मनांवर काळोख पसरतो ही कथा, आणि नियम तिला चोख धरून आहे. आपल्या पाळीत वापरणं म्हणजे वाया घालवणं. समोरच्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या कमांड फेजमध्ये वापरा, त्याचे गुण मोजले जाण्याच्या तोंडावर. निडर म्हणवणाऱ्या मरीनांची लीडरशिप ६+, तरी दर पलटणीमागे २८ टक्के वेळा ते हलतात.

बाकीच्या फौजांवर थोडक्यात, कारण पुढची फौज कोणती घ्यावी हा प्रश्न येतोच. वर्ल्ड ईटर्सचा देव खोर्न, त्याचा आकडा ८, म्हणून त्यांच्या वरदानाला आठ फासे टाकायचे. जोड्या आणि तिकड्या लावून वरदान घ्यायचं. कथेतला आकडा थेट ओंजळीत येतो, असं सुख दुसरीकडे क्वचित मिळतं. टाउ २००१मध्ये आले, ‘सर्वांचं भलं’ हे त्यांचं ब्रीद. म्हणून एक पलटण लक्ष्य दाखवते आणि दुसरीचा नेम सुधारतो. हातघाईत ते दुबळेच राहतात, आणि तसेच राहावेत. नेक्रॉन दर कमांड फेजमध्ये पडलेले उठवतात. समोरच्यानं पलटण पूर्ण संपवली नाही तर त्याची मेहनत फुकट, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध खेळणाऱ्याची पद्धतच बदलते. ऑर्कांची वाघ् ही आरोळी डावात एकदा, आणि नेमबाजी ५+ इतकी भिकार की लांबून लढायचा मोहच होत नाही.

एक बदल मात्र आम्हांला अर्धाच रुचला. नवव्या आवृत्तीत मरीनांचा चॅप्टर किंवा टायरॅनिडांचा हाइव्ह फ्लीट निवडला की त्याचे गुणधर्म सोबत यायचे. दहावीत डिटॅचमेंट, म्हणजे फौजेच्या खास नियमांचा संच, वेगळी निवडायची, रंग कुठलाही चालतो. रंग उडवून पुन्हा चढवण्याची कटकट गेली, नवख्याचा पैसा वाचला. पण समोर निळी फौज बघून ती कशी खेळेल याचा अंदाज बांधता येत नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, तरी राजा कोण, राक्षस कोण हे प्रवेशातच कळतं. तशी ओळख होती. डिटॅचमेंटमध्ये ती काही ठिकाणी परत सापडते. मरीनांच्या ग्लॅडियस या डिटॅचमेंटमध्ये तीन डॉक्ट्रिन, म्हणजे लढायच्या पद्धती, प्रत्येक डावात एकदाच : पळूनही गोळीबार, मागे हटूनही गोळीबार आणि चार्ज, पळूनही चार्ज. मरीन पाठ्यपुस्तकाबरहुकूम लढतात, ते असं. चुकीच्या फेरीत चुकीचं पान उघडलं की ते पान गेलं.

पटाबद्दल न सांगता फौजांवर बोलणं अपुरं. फौजेची किंमतही गुणांत मोजतात; २००० गुणांच्या डावाचा पट ४४ × ६० इंच, कॉम्बॅट पेट्रोलचा त्याच्या निम्मा, ४४ × ३०. आठ बाय चारच्या प्लायमधून पाच फुटांचा तुकडा कापून घ्या. रुंदीला ४ इंच जास्त राहतात, त्यात फासे आणि मेलेले मिनी मावतात. पट मोकळा सोडला तर टायरॅनिड दोन फेऱ्यांत साफ होतात आणि फौजच वाईट आहे असा समज होतो. मध्यात नजर अडवणारे निदान दोन मोठे अडसर हवेत, टर्मागंट सरळ उभा लपेल इतके उंच.

अडसरांना जांभ्याचे तुकडे उत्तम, परग्रहावरचा खडक विकत आणायची गरज नाही. पण जांभा लाल भुकटी सोडतो आणि ती मिनींच्या रंगावर बसते. फेव्हिकॉलात तितकंच पाणी घालून दोन हात मारा. गवताला सोडणाचा काथ्या कातरून. मिनीच्या पायाखालच्या बेसवर समुद्राची वाळू घालणार असाल तर गोड्या पाण्यात तीनदा धुऊन उन्हात वाळवा. मीठ राहिलं तर ओल धरतं आणि रंग पापुद्र्यानं सुटतो. थर्मोकोलवर स्प्रे किंवा सुपरग्लू नको, दोन्ही ते विरघळवतात.

पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारूच नये. दमट हवेत त्यावर पांढरी खरबरीत साय धरते आणि टर्मिनेटरच्या सपाट कवचावर ती लपत नाही. ब्रशनं लावायचा प्रायमर घ्या, दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. सुपरग्लू या हवेत झटकन धरतो आणि सांध्याभोवती पांढरट धूर बसवतो, म्हणून प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंटच बरं. डब्यात उभे राहावेत म्हणून बेसखाली निओडिमियम चुंबक लावत असाल तर वर नेलपॉलिशचा थर द्या. खाऱ्या हवेत मुलाम्याला ओरखडा पडला की चुंबक गंजून फुगतो आणि बेस सुटतो. चुंबक चिकटावा म्हणून तळाला घातलेला लोखंडी पत्राही रंगवून घ्यावा, तो तर चुंबकाच्या आधी जातो.

घरची फौज रचायचा मोह झाला तर आंग्र्यांचं आरमार हाताशी आहे. गुराब या शिडाच्या जहाजाच्या तोफा नाळेवरून पुढे मारा करत, गलबतं वल्ह्यांवर चालत आणि वारा पडला की गुराबींना ओढून नेत. म्हणून मोठ्या जहाजाच्या पिछाडीला भिडायचं. नियम करताना दर फेरीला वाऱ्याचा फासा टाका : वारा पडला की शिडाचं जहाज थांबतं, गलबत चालतं. आणि मोठ्या जहाजाच्या बाजूच्या तोफांच्या टप्प्यात सापडलेलं गलबत एका फटक्यात जाऊ द्या. त्याची दया येऊन कवच वाढवलंत तर आरमार उरत नाही, लहान आकाराची इंग्रजी जहाजं उरतात.

१००० गुणांकडे जाताना टायरॅनिडांत पहिली भर दुसऱ्या सिनॅप्सची घाला, न्यूरोटायरंट किंवा तीन वॉरियर्स. मोठा राक्षस नंतर. मरीनांत पाच इंटरसेसर घ्या. त्यांचा ओसी २ आहे, आणि कमांड फेजअखेर जे ऑब्जेक्टिव्ह त्यांच्या ताब्यात असेल ते त्यांनी सोडलं तरी शत्रू तिथे येईपर्यंत आपलंच राहतं. घरचं ऑब्जेक्टिव्ह पहिल्या फेरीत ताब्यात घ्यायचं आणि दुसऱ्या फेरीत पाचही जण पुढे काढायचे.